गावातून कोडिंग-डिझाइन करणाऱ्यांनो, तुमची आवडती टूल्स अन् स्किल सांगा (लाईट गेल्यावर चालणारी आधी)

वावरातला_कोडर (दारव्हा, यवतमाळ)

राम राम मंडळी. यूट्यूबवर "डेव्हलपरसाठी टॉप १० टूल्स" पाहून पाहून डोकं पिकलं, ते सांगणारे सगळे एसीत बसलेले अन् त्यांचं नेट कधी जातच नाही वाटते. मले आपल्या इकडची गोठ पाहिजे. माझं घर गावठाणात नाही, वावरात आहे, म्हणजे लाईट शेतीच्या फीडरची, कधी दिवसा तर कधी रात्रीची पाळी. काम म्हणाल तर जिनिंगवरच्या काटा-पावतीचं सॉफ्टवेअर, काही कृषी केंद्रांचं बिलिंग अन् उरलेल्या वेळात बाहेरचं फ्रीलान्स. त्यामुळे टूल चांगलं का वाईट याची माझी एकच कसोटी, लाईट अन् नेट दोन्ही गेल्यावर ते काय करते.

पहिला नंबर गिट, म्हणजे कोडच्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारं टूल. लिनस टोरवाल्ड्सनं २००५ मध्ये लिनक्स कर्नलच्या कामासाठी लिहिलं, कारण आधी जे टूल फुकट वापरत होते त्याची ती सवलत बंद झाली. कमिट (बदल नोंदवणं), ब्रँच (कोडची वेगळी फांदी), जुना इतिहास पाहणं, दोन व्हर्जनमधला फरक काढणं, सगळं आपल्याच मशीनवर, नेट फक्त पुश-पुलपुरतं, म्हणजे सर्व्हरवर कोड चढवा-उतरवायपुरतं लागते. पोट्टे गिट अन् गिटहब (गिटचा कोड ऑनलाइन ठेवायची साइट) एकच समजतात अन् मग नेट नाही म्हणून कमिट करायचं थांबतात, काहून थांबता बाप्पा?

दुसरा नंबर एसक्यूलाइट. रिचर्ड हिप यांनी २००० मध्ये आणलं, सर्व्हर नाही, इन्स्टॉल नाही, सगळा डेटाबेस एका फाइलमध्ये. जिनिंगवर गाडी काट्यावर उभी, पावती सेव्ह होऊन राहिली अन् तेवढ्यात लाईट गेली, तर अर्धवट व्यवहार पुढच्या वेळी फाइल उघडली की आपोआप मागे फिरवला जाते, अर्धी पावती डेटात राहत नाही. एकच सांगतो, बॅकअपसाठी चालू फाइल सरळ कॉपी-पेस्ट करून पेन ड्राइव्हवर टाकू नका, लिहिणं चालू असताना घेतलेली कॉपी खराब निघू शकते, त्याची स्वतःची बॅकअप कमांड आहे ती वापरा.

आता तुम्ही सांगा.

टर्मिनलभाऊ (मूर्तिजापूर)

धागा मस्त भाऊ. माझं सगळं काम टर्मिनलात, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत. विम, टीमक्स, मॉश, रिपग्रेप (फाइलींमध्ये मजकूर शोधणारं), संपलं.

विम काहून, तर ब्राम मूलेनार यांनी १९९१ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढलेला एडिटर आजही ४ जीबी रॅमच्या जुन्या सेकंडहँड लॅपटॉपवर पळते, अन् सर्व्हरवर गेलो तरी तोच हाताशी असते. मूलेनार २०२३ मध्ये गेले. विम उघडला की युगांडातल्या गरीब पोरांना मदत करा अशी ओळ दिसते ना, ती त्यांचीच, सॉफ्टवेअरचे पैसे मागितले नाही, तिकडं द्या म्हणाले. मले हे भल्लं आवडते.

पण खरं सांगायचं तर आपल्या रेंजसाठी विमपेक्षा मॉश अन् टीमक्सची जोडी महत्त्वाची. साध्या एसएसएचनं (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची पद्धत) सर्व्हरवर काम करता करता नेट गेलं की सेशन मेलं, अर्धं चाललेलं काम पण मेलं. टीमक्स सर्व्हरवर चालते, त्यामुळे आपलं कनेक्शन गेलं तरी तिकडचं काम चालूच राहते, परत आलो की जोडून घ्यायचं. मॉश त्याच्याही पुढचा, वायफायवरून मोबाइलच्या हॉटस्पॉटवर गेलो, आयपी बदलला, लॅपटॉप झाकून जेवाले जाऊन आलो, तरी तो आपला आपण परत जोडते, अन् नेट हळू असलं तरी टाइप केलेलं अक्षर लगेच दाखवते, सर्व्हरच्या उत्तराची वाट नाही पाहत. गच्चीवर एका कोपऱ्यात दोन काड्या रेंज येते त्या लोकांनी हे आजच टाका.

व्हीएस कोडवाले (मायक्रोसॉफ्टचा एडिटर) येतील भांडायला, या, बसलो आहे.

पुणेकर_मूळ_वणीचा

आलो भांडायला 🙂 व्हीएस कोड २०१५ ला आला आणि आज जग तेच वापरतंय, कारण नवीन माणसाला पहिल्या तासात कामाला लावतो. रॅम खातो हे मान्य, आत अख्खा ब्राउझर भरलेला आहे (इलेक्ट्रॉन), पण एक्स्टेन्शन्स कमी ठेवली तर ८ जीबीत आरामात चालतो. विममधून बाहेर कसं पडायचं हे शोधण्यात ज्यांची अर्धी जवानी गेली त्यांनी कृपया स्पीडबद्दल बोलू नये.

टर्मिनलभाऊ

एस्केप, कोलन, क्यू, उद्गारचिन्ह. झालं ना बे बाहेर. पुण्यात शिकवत नाही वाटते.

संत्राबर्फी (वरूड)

भांडण संपलं असेल तर डिझाइनवाल्यांनाही बोलू द्या.

मी यूआय, म्हणजे ॲप-साइटच्या स्क्रीन, डिझाइन करते, क्लायंट बाहेरचे आणि काही इकडचे. फिग्मा (स्क्रीन डिझाइन करायचं टूल) वापरावंच लागतं, सगळ्या टीम्स त्यावरच आहेत. अडोबीनं २०२२ मध्ये २० अब्ज डॉलरला विकत घेतो म्हणून जाहीर केलं होतं आणि २०२३ च्या डिसेंबरात तो सौदा मोडला, तेव्हा आमच्या ग्रुपवर पेढे वाटायचेच बाकी होते. पण ते मूळचं ब्राउझरमधलं टूल, उघडी असलेली फाइल नेट गेल्यावर चालत राहते, टॅब बंद केलात तर मात्र नेट येईपर्यंत हात जोडून बसा. म्हणून आयकॉन, चित्रं, लोगो मी इंकस्केपमध्ये करते. फुकट, ऑफलाइन, एसव्हीजी (वेबवरच्या वेक्टर चित्राची फाइल) थेट, आणि मराठी अक्षरं नीट जोडतं. फिग्माला पर्याय हवा त्यांनी पेनपॉट बघा, ओपन सोर्स आहे.

आता माझं खरं आवडतं टूल सांगते, हसू नका. आमच्या संत्र्याच्या बागेबाहेरचा बांध. कुठलीही स्क्रीन पक्की करायच्या आधी मी स्वस्तातला मोबाइल घेऊन बारा वाजता तिथं उभी राहते. एप्रिल-मेमध्ये वरूडचं ऊन काय असतं ते इथं सांगायची गरज नाही. घरात कूलरसमोर बसून जी करडी-निळी नाजूक अक्षरं लय सुंदर दिसतात ती बाहेर दिसतच नाहीत, कोरा काच. वेबसाठीचा नियम आहे की साध्या मजकुराचा आणि मागच्या रंगाचा फरक किमान ४.५ ला १ हवा आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १, मी शेतकऱ्यांच्या ॲपमध्ये ७ च्या खाली जातच नाही. फिकट करड्यावर करडं लिहिणाऱ्या डिझायनरला एकदा बांधावर आणून उभं करायला पाहिजे.

दुसरं म्हणजे देवनागरी. इंग्रजीवरून कॉपी केलेली डिझाइन सिस्टीम आपल्या लिपीला जशीच्या तशी बसत नाही. वर रफार-वेलांटी, खाली उकार-ऋकार, म्हणजे ओळींमधलं अंतर इंग्रजीला १.२ पुरलं तरी मराठीला दीडच्या वर द्या. आणि लेटर स्पेसिंग! ते शून्यच ठेवा. इंग्रजीत जरा फॅन्सी दिसावं म्हणून अक्षरं लांब करतात, तेच मराठीला लावलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे तुकडे लोंबकळतात. मोठमोठ्या ॲपच्या मराठी आवृत्तीत हे दिसतं, कारण तपासणाऱ्याला मराठी वाचताच येत नाही.

फ्लेक्सवाला_दादा (दर्यापूर)

ताई खरं बोलल्या. आपण कोरलड्रॉवाले. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे फ्लेक्स, निवडणुकीत तर झोप नसते. आमचं स्किल म्हणजे स्पीड, गिऱ्हाईक समोर उभं राहते अन् म्हणते अजून दोन फोटो घाल, साहेबाचा मोठा कर, तेवढ्यात झालं पाहिजे. शॉर्टकट सोडून माऊसनं मेनू उघडणारा पोट्टा आमच्या दुकानात टिकत नाही.

आता पोरगं म्हणते बाबा वेबसाइटचं काम घ्या. घेतो ना, पण इतक्या वर्षांचा मजकूर सगळा जुन्या फाँटमध्ये, कृतीदेव अन् श्रीलिपी. तिकडं पेस्ट केलं की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. हे काय लफडं आहे ते कोणी सोप्या भाषेत सांगेल का?

धानपट्टा (साकोली, भंडारा)

दादा, मी सांगतो. त्या जुन्या फाँटमध्ये अक्षर मराठी नसतेच, कॉम्प्युटरसाठी ते इंग्रजी अक्षरच असते, फाँट फक्त त्याचं चित्र मराठी दाखवते. फाँट काढला की खालचं इंग्रजी उघडं पडते. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा नंबर आहे, फाँट कोणताही लावा, अक्षर तेच राहते, शोधता येते, गुगलला वाचता येते, आंधळ्या माणसाच्या मोबाइलला बोलून दाखवता येते.

कन्व्हर्टर भरपूर आहेत पण डोळे झाकून विश्वास नका ठेवू. जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफार त्याच्या उलट, जुन्यात नंतर, नव्यात आधी. म्हणजे कन्व्हर्टरले नुसती अदलाबदल नाही, जागा पण बदलावी लागते, अन् जोडाक्षर आलं की तिथंच घसरते. "धर्मिक", "कीर्ती", "स्थिती" असे शब्द आधी तपासा, तिथं पास झाला तर बाकी बहुतेक ठीक. पत्रिकेतली नावं मात्र हातानंच वाचा, नावाची चूक गिऱ्हाईक सोडत नाही.

अन् फोटोशॉप किंवा इलस्ट्रेटरवर आलात अन् युनिकोड मराठी फुटून दिसली तर फाँटले शिव्या देऊ नका, फोटोशॉपच्या टाइप सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा, इलस्ट्रेटरमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करा. फाँटसाठी 'एक टाइप' या फाँट बनवणाऱ्यांचे मुक्ता अन् बालू गुगल फाँट्सवर फुकट आहेत, बालू तुमच्या फ्लेक्सवर चांगला ठसठशीत दिसीन.

संत्राबर्फी

"धार्मिक" म्हणायचंय ना 😄

धानपट्टा

हो ताई. कन्व्हर्टर नाही, माझंच बोट.

वावरातला_कोडर

फाँटवर आलोच आहोत तर एक गंमत. आपल्या "वऱ्हाड" मधला तो अर्धा र दोन पद्धतीनं टाइप होते. काही कीबोर्ड नुक्त्याचा ऱ अन् हलंत देतात, काही साधा र, हलंत अन् त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, डोळ्यानं फरक कळणं शक्य नाही, पण कॉम्प्युटरसाठी दोन वेगळे शब्द. एका कृषी केंद्राच्या यादीत एकच गिऱ्हाईक दोनदा होतं, आडनावात "ऱ्हा", उधारी दोन ठिकाणी वाटलेली. नेहमीचं युनिकोड नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करणं) लावून हे मिटत नाही, ते न दिसणारं चिन्ह तसंच राहते. म्हणून सेव्ह करायच्या आधी मी स्वतः दुसरी पद्धत पहिलीत बदलून टाकतो, अन् शोधताना पण तेच. एका ओळीचा कोड आहे.

अन् वेबपेजच्या पहिल्या टॅगमध्ये भाषा म्हणून एम-आर लिहा, हिंदीचं एच-आय ठेवू नका. ज्या फाँटमध्ये मराठी रूपं दिलेली आहेत त्यात ल अन् श आपल्या वळणाचे येतात, नाहीतर हिंदीवाले. शाळेच्या साइटवर मास्तर लोक हे बरोबर पकडतात.

नवखा_पांढरकवडा

सर्वांना नमस्कार, मी बीएस्सी सेकंड इयर, लॅपटॉप नाही, फक्त मोबाइल आहे. घरी एवढ्यात लॅपटॉप होणार नाही, सोयाबीन गेलं यावर्षी. तुमचं सगळं वाचून भारी वाटलं पण माझ्यासारख्यानं सुरुवात कशी करायची? कोर्स लावू का? एक जण ऑनलाइन कोर्सचे पैसे भरा म्हणून मागे लागला आहे, जॉबची गॅरंटी देतो म्हणतो.

टर्मिनलभाऊ

भावा, जॉबची गॅरंटी देणाऱ्याले एक रुपया देऊ नको. आधी हे वाच मग पुढं.

अँड्रॉइडवर टर्मक्स टाक, एफ-ड्रॉइड नावाच्या ओपन सोर्स ॲपच्या साइटवरून घे. त्यात पायथॉन, गिट, विम, नोड सगळं बसते, खरंखुरं लिनक्ससारखं टर्मिनल. तालुक्याच्या मोबाइल शॉपीतून एक ओटीजी केबल अन् साधा यूएसबी कीबोर्ड घे, मोबाइलच्या कीबोर्डवर कंस टाइप करता करता जीव जाईन. नेट असलं की डॉक्युमेंटेशन उतरवून ठेव, डेवडॉक्स नावाची साइट ब्राउझरमध्ये ऑफलाइन पण चालते. पायथॉनपासून सुरू कर.

अन् एक स्किल आजपासून लाव, एरर पूर्ण वाचायचा. पोट्टे लाल अक्षर दिसलं की स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकतात, "भाऊ हे काय येऊन राहिलं". पायथॉनमध्ये सगळ्यात खालची ओळ आधी वाच, काय झालं ते तिथं असते, मग वर जात जा, कोणत्या ओळीवर झालं ते दिसते.

पुणेकर_मूळ_वणीचा

हे सगळं ठीक, पण २०२६ मध्ये येऊन कोणी एआयबद्दल बोलतच नाही? आमच्याकडे अर्धा कोड तेच लिहितंय. टूल्सच्या यादीत पहिला नंबर त्याचा असायला हवा.

वावरातला_कोडर

वापरतो ना, नाही कशाले म्हणू. टेस्ट लिहून घेतो, इंग्रजी ईमेल नीट करून घेतो, अनोळखी कोड समजावून घेतो. पण नेट गेलं की तो पण गेला, माझ्या कसोटीत नापास. अन् दुसरं, त्याले सातबारा माहीत असते पण दारव्ह्याचा माणूस तो कसा वाचते ते माहीत नसते. उदाहरण देतो. क्षेत्र लिहिलेलं असते १.२०, म्हणजे १ हेक्टर २० आर. एआयनं काय, कोणत्याही प्रोग्रामरनं ते दशांश संख्या म्हणून ठेवलं की स्क्रीनवर येते १.२, शेवटचं शून्य गायब, अन् शेतकरी म्हणते माझं १८ आर गेलं कुठं? गणितात बरोबर, गावात भांडण. मी आर मध्ये पूर्णांक ठेवतो, १२०, अन् दाखवताना तोडून दाखवतो. हे सांगणारं टूल नाही, काट्यावर बसून चार लोकांचं ऐकलं तेव्हाच समजते.

धानपट्टा

एकदम बरोबर. अन् यात माझी भर, मराठी आकडे. एका राइस मिलचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आलं, आधी दुसऱ्या कोणीतरी केलेलं, तक्रार अशी की काही माणसांचं वजन सेव्हच होत नाही, अन् काहींचं पहिल्या झटक्यात होते. रोज होत नव्हतं म्हणून कोणाले पकडता येत नव्हतं. मिलवर जाऊन बसलो अन् माणूस टाइप कसा करते ते पाह्यलं, तर ज्यांच्या मोबाइलवर मराठी कीबोर्ड होता ते ४२ असं देवनागरीत टाकत होते. जावास्क्रिप्टले देवनागरी आकडा संख्या वाटतच नाही, तो सरळ "नॉट अ नंबर" देते, अन् त्या कोडमध्ये तसं आलं तर गुपचूप सोडून दिलेलं. आता सगळ्या फील्डवर आधी देवनागरी आकडे इंग्रजीत बदलतो मगच पुढं.

उलटी बाजू पण आहे. जावास्क्रिप्टले सांगा की संख्या मराठी पद्धतीनं दाखव तर तो आपणहून देवनागरी आकडे देते, १,२३,४५६ असं लाखाच्या स्वल्पविरामासहित. हिंदी सांगितलं तर इंग्रजी आकडे. म्हणजे दाखवलेली संख्या परत वाचायला गेलात की पुन्हा तेच लफडं, दाखवायचं वेगळं अन् साठवायचं वेगळं ठेवा.

फ्लेक्सवाला_दादा

हे सगळं वाचून एक विचारतो, काटा-पावतीवर मराठी कशी छापता? त्या बिलाच्या लहान प्रिंटरवर मी मराठी पाठवली तर प्रश्नचिन्हच प्रश्नचिन्ह आले.

वावरातला_कोडर

दादा, त्या स्वस्त थर्मल प्रिंटरच्या पोटात मराठी अक्षरं बहुतेक नसतातच. त्याले अक्षर नाही, चित्र पाठवायचं. पावती आधी मेमरीत काळ्या-पांढऱ्या चित्रासारखी बनवतो, ५८ मिलिमीटरच्या प्रिंटरसाठी रुंदी ३८४ ठिपके, ८० वाल्यासाठी ५७६, अन् ते चित्र छापतो. थोडं हळू होते पण "वऱ्हाड" बरोबर येते. बारीक फाँट नका घेऊ, थर्मलवर बारीक रेघ उडून जाते, जाड घ्या. तुमचं तर डोळ्याचं काम आहे, पावतीचं डिझाइन तुम्हीच चांगलं करसान, करता का? व्यक्तिगत निरोप टाकतो.

उन्हाळ्यावर पण कोणी तरी विचारलं होतं व्यनित, इथंच सांगतो. ४५ च्या वर पारा गेला की लॅपटॉप स्वतःच स्पीड कमी करते, बिघडला नाही, जीव वाचवून राहिला. कूलरची ओली हवा सरळ त्याच्यावर सोडू नका. राउटरले वेगळा १२ व्होल्टचा लहान यूपीएस लावा, इन्व्हर्टर पडला तरी नेट राहते (टॉवर चालू असला तर). बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सेटिंग उन्हाळ्यात चांगली म्हणतात, खरं आहे, गरमीत भरलेली बॅटरी लवकर म्हातारी होते, पण आठ तास लाईट नसणाऱ्यानं कोणत्या तोंडानं ८० वर थांबवायची. मी १०० करतो.

नवखा_पांढरकवडा

टर्मक्स टाकलं! पायथॉन चालू झालं. धानपट्टा सरांनी सांगितलं ते करून पाहिलं, पायथॉनमध्ये देवनागरी ४२ दिलं तर त्यानं बरोबर ४२ संख्या घेतली, एरर नाही आला. मग "४२ क्विंटल" दिलं तर एरर आला. खालची ओळ वाचली, व्हॅल्यू एरर आहे. यात क्विंटल कसं काढायचं?

धानपट्टा

शाब्बास. पायथॉन ३ देवनागरी आकडे समजते, जावास्क्रिप्ट नाही, म्हणूनच दोन्हीकडं करून पाहायचं. क्विंटल काढायले रेग्युलर एक्स्प्रेशन (मजकुरातून ठराविक नमुना शोधायची पद्धत) लागते, पायथॉनमध्ये त्यातलं अंकाचं चिन्ह (\d) देवनागरी अंक पण पकडते. रात्री उदाहरण टाकतो.

वावरातला_कोडर

काढायला शिक, पण फॉर्ममध्ये टाइपच करू देऊ नको. माझ्याकडच्या डेटात "क्विंटल", "क्विं.", "कुंटल", "क्वि" अन् नुसतं "कु" एवढं सगळं आहे. आकड्याचा डबा वेगळा, बाजूले ड्रॉपडाऊन, त्यात क्विंटल अन् किलो. अन् किलो आधी ठेव, कापूस वेच्याची मजुरी किलोवर असते, दिवसभर तेच लागते.